कळसूबाईच्या रांगेतून पट्ट्याच्या धारेवर

डोंगरवाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्याचे. मी, नवरा आणि चौदा वर्षांची मुलगी. ऑगस्टमधल्या एका रविवारी कळसूबाईला गेलो होतो. शिडीखाली पाऊण तास रांगेत उभे राहिलो. पुढच्या घोळक्यात स्पीकरवर गाणी, मागून ढकलाढकली. माथ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, धुक्यात दिसलं काहीच नाही. उतरताना मुलगी म्हणाली, "आई, मला डोंगरावर चालायचं होतं. आपण तर नुसते उभेच राहिलो." हिवाळ्यात तिला एक तरी डोंगर असा दाखवायचा आहे जिथे गर्दी नाही, लांबवर दिसतं आणि वर पोचल्या पोचल्या उतरावं लागत नाही. आम्ही तिघंही बऱ्यापैकी चालतो, पण दोर लावून चढणं जमणार नाही.

उत्तर : तुमच्या लेकीला धारेवर न्या.

दोन दऱ्यांच्या मधून डोंगराचा जो कणा लांबवर जातो, ती धार. चढ एकदाच चढायचा. एकदा धारेला लागलं की पुढचे दोन-तीन तास उंची फारशी सोडावी लागत नाही. डाव्या हाताला एक खोरं, उजव्या हाताला दुसरं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून आपण. तिला जे "चालायचं होतं" ते हेच.

यासाठी फार लांब जायचीही गरज नाही. ज्या डोंगररांगेवर तुम्ही अडकलात तीच पूर्वेकडे पुढे जाते. कुलंग, मदन, अलंग, मग १,६४६ मीटरची कळसूबाई, पुढे बितनगड, पट्टा, औंढा, आणि अगदी सिन्नरच्या अंगाला आड नि डुबेरा. पुण्या-मुंबईची गर्दी कळसूबाईपाशी थांबते. पट्टा ते औंढा ही दोन किल्ल्यांमधली धार कळसूबाईच्या इतकी जवळ असून मला तिथे नोव्हेंबर-डिसेंबरात, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, गुराख्यांशिवाय फार क्वचित कुणी भेटलं आहे.

माझं माहेर सिन्नरचं. आमच्या गच्चीवरून पश्चिमेला औंढ्याचं निमुळतं टोक दिसायचं. संध्याकाळी वाळवण गोळा करायला वर गेलं की सूर्य त्याच्या आसपास कुठे बुडतो यावरून आजी महिना सांगायची. पुढे नाशिकच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि दर वर्षी नववीच्या मुलींना एकदा तरी या धारेवर नेलं. त्यामुळे या जागेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, वाचून घ्या.

सिन्नरहून ठाणगावमार्गे पट्टेवाडी गाठा. आदल्या संध्याकाळीच जा, गावात कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम करा आणि सकाळी लवकर निघा. पट्ट्याचा चढ तासा-सव्वा तासाचा, मळलेली वाट, कुठेही अवघड नाही. वाटेत गुहा लागतात. वर पट्टाईदेवीचं देऊळ आहे, अंबरखान्याची, म्हणजे धान्याच्या कोठाराची इमारत आहे, पाण्याची टाकी आहेत. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना मोगल फौज पाठीवर असताना शिवाजी महाराज आडवाटेने इथे येऊन विसावले, म्हणून या किल्ल्याचं नाव विश्रामगड. मुलीला हे वरच सांगा, घरी नको. जालन्याकडून येणारी सगळी सपाटी पूर्वेला पायाखाली पसरलेली दिसते, मग पाठलाग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

गड बघून झाला की उत्तरेकडे निघा. औंढा समोर दिसत असतो, बोट दाखवून चालता येईल इतका स्पष्ट. आम्हाला रमतगमत तीन तास लागतात. हे तीन तास घाईत काढू नका, कारण दोन्ही बाजूंना जे दिसतं त्याला वेळ द्यावा लागतो. पश्चिमेला कळसूबाईचा त्रिकोण, तिच्या पलीकडे अलंग-मदन-कुलंगचे ताशीव कडे, खाली भातखाचरांचे चौकोन. नोव्हेंबरात भात कापून झालेला असतो आणि खळ्यावर पेंढ्या रचलेल्या असतात, त्या वरून सोन्याच्या ठिपक्यांसारख्या दिसतात. मान पूर्वेला वळवली की देश सुरू. बाजरीची कापलेली रानं, कांद्याचे वाफे, उघडी टेकाडं, आणि शेवट कुठे होतो ते कळू न देणारी धुरकट सपाटी.

हा फरक पावसाने केलेला आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ढग ही रांग ओलांडेपर्यंत रिते होतात, आणि सिन्नर-संगमनेरच्या वाट्याला जेमतेम पाचशे-साडेपाचशे येतो. पर्जन्यछायेचा हा धडा मी वर्गात फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षं शिकवला. मुली पाठ करायच्या आणि विसरायच्या. इथे नेलं की एकीकडे भात आणि एकीकडे बाजरी बघून त्या स्वतःच बोलायला लागायच्या.

एका वर्षी एका मुलीने धारेच्या मधोमध बाटली वाकडी केली आणि विचारलं, "बाई, हे पाणी कुठे जाईल?" सगळ्यांना बसवलं. पश्चिमेला ओघळलेलं पाणी दारणेच्या खोऱ्यात जाणार. पूर्वेला गेलेलं म्हाळुंगीला मिळणार. म्हाळुंगी इथेच पट्ट्याच्या अंगाला उगवते, संगमनेरला प्रवरेत शिरते. दारणा नाशिकच्या खाली गोदावरीला मिळते, प्रवरा थेट नेवाशाजवळ प्रवरासंगमला. म्हणजे एका बाटलीतले दोन थेंब धारेवर ताटातूट होऊन, वेगवेगळे तालुके हिंडून, पुन्हा एकाच नदीत. त्या मुलीने उरलेलं पाणीही तिथेच ओतलं. मी रागावले नाही, पण तिच्यासाठी परतीचं पाणी माझ्या बाटलीतून द्यावं लागलं.

पाण्यावरून आठवलं : धारेवर पाणी नाही. माणशी तीन लिटर पट्ट्यावरूनच घेऊन निघा. टाक्यातलं असेल तर गाळून, औषध टाकून. सावलीही नाही, टोपी हवीच. आणि वारा आहे. पट्ट्याच्या आजूबाजूला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वाऱ्यामुळेच. पहिल्यांदा त्या उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या डोळ्यांना खुपल्या, अजूनही फोटोत येऊ नयेत असं वाटतं. पण धुकं असलं की पात्यांचा सूंऽऽ सूंऽऽ आवाज कुठल्या अंगाने येतो यावरून दिशा कळते, आणि या आवाजाचा मला उपयोग झालेला आहे. डिसेंबरच्या पहाटे तिथे स्वेटर पुरत नाही, कारण वारा विणीतून आरपार जातो. वरून वारा अडवणारं पातळ जाकीट असू द्या.

आता धुक्याचंच सांगते. तीसेक वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, आम्ही चौघीजणी याच धारेवर वाट चुकलो. सोनकी फुलली होती, दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. धारेला ठिकठिकाणी फाटे फुटतात. दरीत उतरत जाणाऱ्या या फाट्यांना सोंडा म्हणतात, आणि सोंडेचं तोंड कित्येकदा मुख्य धारेपेक्षा रुंद असतं, तिच्यावर ढोरवाटाही जास्त असतात. आम्ही मोठी वाट धरली आणि चाळीस मिनिटं चालत राहिलो. वाट सतत उतरतेय हे चौघींच्याही लक्षात येत होतं, बोललं कुणीच नाही. शेवटी गवत संपलं आणि पुढे पांढरं काहीतरी होतं. मैत्रिणीने खडा टाकला. तो पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. तेव्हा कळलं की कड्याच्या तोंडाशी उभ्या आहोत.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. धारेवर दहा मिनिटं सलग उतार लागला की थांबायचं आणि होकायंत्र काढायचं. तुमच्या वाटेवर औंढा उत्तरेला आहे, सुई दुसरं काही म्हणत असेल तर सुईचं ऐकायचं. आणि प्रत्येक फाट्याशी मागे वळून बघायचं, कारण परतताना डोंगर उलटा दिसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे आता इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येतात. मुलीला त्यातली या भागाची शीट काढून द्या. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, कुठे जवळ येतात, कुठे बोटासारख्या बाहेर निघतात, हे तिला आदल्या रात्री दाखवलंत तर दुसऱ्या दिवशी वाटेवरची सोंड ती तुमच्याआधी ओळखेल.

डिसेंबरनंतर गवत वाळतं. वाळलं गवत पायाखाली इतकं सरकतं की नव्या बुटांचाही उपयोग होत नाही. उतारावर आडवं पाऊल ठेवा, टाच रोवा, गुडघे जरा वाकलेले. कड्याच्या काठाला गवत वाकून आलेलं असतं आणि त्याच्याखाली जमीन असेलच असं नाही. काठापासून दोन-तीन हात आत राहा. फोटोसाठीसुद्धा.

औंढ्याच्या पोटाशी आलात की बेत पुन्हा तपासा. वर जायची वाट कातळात खोदलेल्या पायऱ्यांची आहे. वरच्या टप्प्यात ती अरुंद आणि उघडी आहे. वारा पडलेला असेल, पायऱ्या कोरड्या असतील, मुलीचा जीव घाबरत नसेल, तर एकामागे एक, हात मोकळे ठेवून जा. नाहीतर खिंडीतच डबा उघडा आणि परत फिरा. मी स्वतः तीनदा तिथून परत फिरले आहे.

आणखी एक, जे पुरुष लेखक लिहीत नाहीत. उघड्या धारेवर आडोसा नसतो. मुलगी चौदा वर्षांची आहे, ती लाजून पाणी प्यायचंच टाळेल, आणि उन्हात ते वाईट. एक जुनी साडी किंवा मोठी ओढणी बरोबर ठेवा, तुम्ही धरून उभ्या राहा. पाळीचे दिवस असतील तर कागद आणि बंद होणारी पिशवी घ्या, सगळं परत आणा. निघण्याआधी तिला हे मोकळेपणाने सांगितलंत की ती दिवसभर निर्धास्त चालेल.

गावातून वाटाड्या घ्या. एखादे मामा किंवा त्यांच्या घरातला शिकलेला मुलगा येतो. पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. जेवण सांगून ठेवलंत तर परतल्यावर चुलीवरची गरम बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळेल. मागच्या खेपेला ज्या मावशींनी वाढलं त्यांनी भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप सोडलं आणि म्हणाल्या, "खा बाई, डोंगर उतरल्यावर पोट फार पोकळ होतं."

प्रश्न : वय ६६, पुणे. दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय पण उतार टाळायला. तरुणपणी राजगड-तोरणा धारेने केला होता. आता तसं मोकळं, उंच, लांब काही उरलंय का माझ्यासाठी?

उत्तर : उरलंय. रायरेश्वरचं पठार.

भोरवरून गाडी बरीच वरपर्यंत जाते. खिंडीपासून थोडी चढण आणि लोखंडी शिड्या, एवढाच कस. शिडी चढताना त्रास कमी होतो, उतरताना मात्र तोंड शिडीकडे ठेवून, चांगला, म्हणजे कमी दुखणारा पाय आधी खाली न टाकता जास्त दुखरा आधी टाकून उतरा. चढताना याच्या उलट, चांगला पाय पुढे. माझ्या आईला फिजिओथेरपिस्टने हे शिकवलं होतं : वर जाताना चांगला, खाली येताना दुखरा. घरच्या जिन्यावर आठवडाभर सवय करा आणि मगच निघा. दोन काठ्या घ्या, एक नाही. एका काठीने अंग एका बाजूला कलतं.

एकदा वर आलात की पुढे कित्येक किलोमीटर सपाटी आहे. वर जंगम मंडळींची वस्ती आहे, शेती आहे, शंभू महादेवाचं जुनं देऊळ आहे. १६४५ मध्ये शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली ती इथे, असं परंपरा सांगते. देवळात बसून घ्या आणि मग पठाराच्या दक्षिण कडेने चाला. खाली धोम धरणाचं पाणी, समोर कमळगड, त्यामागे पाचगणी-महाबळेश्वरची टेबललँडं. जवळच केंजळगडाची कातळटोपी. उत्तरेच्या कडेला गेलात की तुमचे राजगड आणि तोरणा. तुम्ही तरुणपणी चाललेली ती सगळी धार तिथून एका नजरेत दिसते, राजगडाच्या संजीवनी माचीपासून तोरण्याच्या बुधल्यापर्यंत. दुर्बीण न्या.

सप्टेंबरच्या अखेरीस रविवार सोडून गेलात तर पठार फुलांनी भरलेलं असतं. पण वाट निसरडी असते, तुमच्यासाठी मी डिसेंबर सांगेन. वस्तीत जेवणाची, राहायची सोय होते. रात्री राहाच, म्हणजे चढ आणि उतार एकाच दिवशी गुडघ्यावर येणार नाहीत.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे पाच जण ऑक्टोबरमध्ये एका धारेवर असताना दुपारी तीनच्या सुमारास वीज कडाडायला लागली. आम्ही एका झाडाखाली थांबलो. घरी सांगितल्यावर बाबा खूप रागावले. चुकलं का आमचं? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चुकलं रे. बाबा रागावले ते बरोबर केलं त्यांनी, आणि तू मला लिहिलंस तेही बरं केलंस.

धारेवर तूच सगळ्यात उंच, आणि ते झाड तुझ्याहून उंच. विजेला त्याहून सोयीची वाट दुसरी नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये हे ढग दुपारी चढतात. सकाळी जमीन तापते, हवेत दमटपणा असतोच, दोन वाजेपर्यंत ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर फुगत जातो आणि त्याचा तळ काळा पडतो. म्हणून या दोन्ही काळांत धार दुपारी एकच्या आत सोडायची, हा माझा नियम. ढग दिसो न दिसो.

वीज चमकली की आकडे मोजायला लाग. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. तीस मोजायच्या आत गडगडाट आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तिथून पुढची तुझ्यावरही पडू शकते. लगेच धार सोडायची, उताराच्या अंगाला खाली जायचं. एकटं झाड, लोखंडी रेलिंग, शिडी, पवनचक्कीचा खांब, पाण्याचं टाकं, यांपासून लांब. उथळ कपारीत शिरायचं नाही, गुहेच्या तोंडाशी बसायचं नाही. खाली उतरायला वाटच नसेल तर एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं लांब व्हायचं, सॅकवर उकिडवं बसायचं, पाय जुळवून, कान झाकून. आडवं पडायचं नाही, कारण जमिनीतून येणारा प्रवाह मग अख्ख्या अंगातून जातो. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं. माणसं बहुतेकदा "गेली वाटतं" म्हणून लवकर उठतात.

आणि तुम्हा पाचांपैकी कुणी कोसळलाच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. श्वास, नाडी नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात. त्यासाठी पाचांतल्या दोघांनी तरी सीपीआर शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे. १०८ आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक फोनमध्ये असू दे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप निघायच्या आधी बघ. वर रेंज नसते, तिथे आकाशच बघावं लागेल.

प्रश्न : मी अकोले तालुक्यातला. तुमचं सदर वाचतो. राग येतो म्हणून लिहितोय. तुम्ही शांत डोंगराबद्दल लिहिता, मग ग्रुपच्या ग्रुप येतात, मग तो डोंगर शांत राहत नाही. आमच्या गावामागची धार अजून कुणाला माहीत नाही. मागच्या फेब्रुवारीत कुणी तरी चार जण तिथे रात्री शेकोटी करून गेले. सकाळी आमच्या गावाचं चाऱ्याचं सगळं गवत जळालेलं. तुम्ही लिहिणं थांबवा.

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याला दोन महिने झाले. मी ते चार वेळा वाचलं.

काही वर्षांपूर्वी मी याच सदरात भंडारदऱ्याच्या काजव्यांवर लिहिलं होतं. मे अखेरीस झाडं कशी एका तालात उघडझाप करतात ते. लिहिताना मला फार आनंद झाला होता. पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर रात्री अकरा वाजता गाड्यांची रांग होती, सगळ्यांचे हेडलाइट सुरू. झाडं काळी. मादी नराचा प्रकाश बघून उत्तर देते, हेडलाइटच्या झोतात तिला तो दिसणार कसा? मी एकटीनं लिहिल्यामुळे ती गर्दी झाली असं नाही, पण त्या गर्दीत माझ्या लेखाचं कात्रण घेऊन आलेलं एक कुटुंब मला भेटलं. माझ्या पाया पडले ते. मला घरी येऊन झोप लागली नाही.

तेव्हापासून मी ठरवून लिहिते. पट्ट्याबद्दल लिहिते, कारण तो जुना, सर्वांना ठाऊक असलेला किल्ला आहे, तिथे रस्ता आहे, जेवण-मुक्कामाचे चार पैसे गावाला मिळतात, आणि कळसूबाईवरची थोडी माणसं मधल्या वारी इकडे वळली तर कुणाचं नुकसान होत नाही. जिथे वाट म्हणजे फक्त गुरांची आणि गवत कापणाऱ्यांची, तिथलं मी लिहीत नाही. मला अशा सहा-सात धारा माहीत आहेत.

गवताचं तुम्ही लिहिलंत ते मात्र सगळ्या वाचकांनी पुन्हा वाचावं म्हणून मी तुमचं पत्र जवळजवळ पूर्ण छापलं. शहरातून येणाऱ्याला वाळलेलं गवत म्हणजे फोटोतला सोनेरी रंग. डोंगरालगतच्या गावाला ते जूनपर्यंतचं गुरांचं पोट असतं. धारेवर वारा दोन्ही अंगांनी वर चढतो, त्यामुळे एक ठिणगी पडली की आग चढावर माणसाच्या धावण्यापेक्षा जोरात जाते. एका जानेवारीत मी वणवा विझवणाऱ्या गावकऱ्यांबरोबर होते. हातात ओल्या फांद्या, तोंडाला बांधलेलं उपरणं, दोन तास झोडपणं. एक म्हातारे बाबा आगीच्या पुढे पळत जाऊन विळ्याने गवताचा पट्टा कापत होते, जाळरेषेसारखा, म्हणजे आग तिथे येऊन उपाशी मरावी. त्यांच्या पायात चप्पल नव्हती. आग थांबली तेव्हा त्यांनी पहिलं काय केलं, तर वाकून राखेत हात घातला आणि मुळं जिवंत आहेत का ते चाचपलं.

म्हणून, वाचकहो, नोव्हेंबर ते पावसापर्यंत धारेवर शेकोटी नाही, चूल नाही, विडी-सिगारेट नाही. चहा थर्मासमध्ये न्या. थंडी वाजली तर अंगावर घाला.

आणि दादा, तुमच्या गावच्या सरपंचांना घेऊन वनविभागाकडे जाळरेषेचा अर्ज करा, थंडीतच, म्हणजे फेब्रुवारीच्या आत ती काढून होईल. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा, मी लिहून देईन आणि लागलं तर बरोबर येईन. लिहिणं थांबवत नाही. पण तुमच्या पत्रात धारेचं आणि गावाचं नाव होतं. पत्र छपाईला देण्याआधी ती दोन्ही मी खोडली आहेत.